ड्रॅगनचं अंडं, कवळीच्या मसाल्यातलं

मित्रांनो, मी एक जुनं अंडं आहे. लगेच नाक मुरडू नका! जुना असलो तरी नासलेलो नाही, कारण नासण्यासारखं माझ्यात काही नाहीच. मी ड्रॅगनचं अंडं आहे आणि तेही प्लॅस्टरचं. अंडं म्हणजे 'ते'. तेव्हा मी 'होतं' म्हणावं की 'होतो', हे मला आजवर कळलेलं नाही. मी आपला 'होतो' म्हणतो. तुमच्या व्याकरणाच्या बाईंना सांगू नका.

माझा जन्म कवळ्यांच्या कार्यशाळेत झाला. तिथे एक बाई काम करायची. तिला सगळे ताई म्हणत, तिच्याहून वयाने मोठे असलेले दातांचे डॉक्टरसुद्धा. डॉक्टर पेशंटांच्या तोंडांचे ठसे पाठवत आणि ताई त्यांवरून कवळ्या घडवी. एकदा काम संपल्यावर तिने उरलेलं प्लॅस्टर एका फुग्यावर थापलं. ते वाळल्यावर फुगा फोडला आणि मी पोकळ जन्मलो. माझ्या पोटात तिने वाळू भरली आणि बुडाचं भोक बुजवून टाकलं. मग हिरड्यांसाठी वापरतात तो गुलाबी मसाला घेऊन त्याचे नखाएवढे खवले केले आणि ते एकेक करून माझ्या अंगावर बसवले.

ठसे घेऊन आलेला डॉक्टरांचा माणूस मला पाहून थबकला. "ताई, हे कुणाच्या तोंडाचं माप?"

"ड्रॅगनच्या," ताई मान वर न करता म्हणाली. "अजून दात यायचेत त्याला."

वरून हिरवा रंग दिल्यावर मी असा झोकात दिसू लागलो की त्या माणसाने जाताना माझ्याकडे दोनदा वळून पाहिलं.

आता ताईने हा उद्योग का केला ते सांगतो. तिच्या घरी रविवारी दुपारी चौघांचा एक खेळ रंगायचा. त्यात एकाने गोष्ट सांगायची आणि बाकीच्यांनी गोष्टीतली माणसं व्हायचं. कुणी काय करायचं ते ज्याने त्याने ठरवायचं आणि ते जमलं की फसलं, हे फाशाने ठरवायचं. गोष्ट ताई सांगायची. तिचा धाकटा भाऊ, ज्याला सगळेच धाकटा म्हणत, गोष्टीत कुलपं उघडणारा चोर होता. प्रसूतीच्या दवाखान्यातल्या सिस्टर चेटूक करायच्या. आणि काडीसारखे बारीक, वारा आला तर कपाटाला धरून उभे राहावे असे शिंपी मास्तर गोष्टीत होते महाबली योद्धा.

पण गोष्ट हल्ली ढेपाळली होती. ताई जीव ओतून सांगायची, "समोर खजिन्याची पेटी आहे, तिच्यावर शेवाळ साचलंय..." आणि धाकटा जांभई देत म्हणायचा, "उघडली. पुढे?"

म्हणून एका रविवारी ताई म्हणाली, "गुहेत एक अंडं आहे," आणि मला तिने खरोखरच टेबलावर ठेवलं.

 धाकट्याची जांभई अर्ध्यावर राहिली. सिस्टरांनी मला उचललं आणि त्यांचा हात आपोआप माझ्या मानेखाली गेला, म्हणजे मला मान असती तर जिथे असती तिथे. "अगं बाई," त्या हळूच म्हणाल्या, "चांगलं वजन आहे गं बाळाचं."

ताईने नियम केला. ज्याच्याकडे अंडं, त्याचा एक हात सतत अंड्यावर. दोन्ही हातांनी तलवार फिरवायची असेल, तर आधी अंडं दुसऱ्याला द्या. मास्तरांनी मला मांडीवर घेतलं ते घेतलंच. ते एका हाताने फासा टाकत, त्याच हाताने चहा पीत आणि बशीत सांडलेलाही एकाच हाताने पिण्याच्या नादात शर्ट भिजवत. गोष्टीत मोठमोठे राक्षस आले, तरी महाबली योद्धा डाव्या हाताने लढला आणि तीनदा मरता मरता वाचला.

ते दिवस फार सुखाचे होते, मित्रांनो. ताईचा आवाज, फाशाचा खुळखुळाट आणि माझ्या खवल्यांवरून नकळत फिरणारा मास्तरांचा अंगठा. मला तेव्हा वाटायचं, हे असंच चालणार.

मग धाकट्याला लांबच्या शहरात नोकरी लागली. सगळ्यांनी त्याची पाठ थोपटली. घरात सामानाची बांधाबांध सुरू झाली, तरी रविवारचा खेळ चालूच होता. त्यातल्या एका रविवारी गोष्टीतल्या हिमराणीने चोराला बर्फात गोठवलं. तिच्या आवाजात ताई म्हणाली, "अंडं मला द्या आणि तुमचा माणूस घेऊन जा. बोला, काय करताय?"

"द्या ना मास्तर," सिस्टर म्हणाल्या.

मास्तरांनी मला घट्ट धरलं. "वा! इतके दिवस सांभाळलं, ते या बयेच्या घशात घालू?"

"अहो मास्तर, मी गोठतोय!" धाकटा हसत होता.

"मग तू दुसरं पात्र घे ना लेका. नाहीतरी आता तू चाललासच."

धाकट्याचं हसू मावळलं. "बरोबर आहे. नाहीतरी मी चाललोच आहे." तो उठला. "माझ्यापेक्षा हा प्लॅस्टरचा गोळा प्यारा झाला तुम्हाला. आणा इकडे!"

त्याने मला ओढलं, मास्तरांनी सोडलं नाही आणि दोघांच्या हातांतून मी निसटलो. माझं बूड फुटलं. पोटातली वाळू फरशीभर पसरली. ताई "असू दे, असू दे" म्हणत राहिली, पण धाकटा कुणाकडे न बघता चपला हातात घेऊन जिना उतरून गेला. त्याच आठवड्यात तो गावाबाहेर पडला.

खेळ थांबला. ताईने मला एका खोक्यात ठेवलं. दुरुस्त करायला हवं, असं ती अधूनमधून म्हणायची, पण खोकं उघडलं की तिला ती दुपार आठवायची. मग झाकण पुन्हा लागायचं. माझ्यावर धूळ साचली, एका पालीने माझ्या पोटात संसार थाटला. पुढे ताईने लहान घरात मुक्काम हलवला, तेव्हा मी टाकून द्यायच्या ढिगात गेलो. सामान उचलायला आलेल्या मास्तरांनी मला पाहिलं आणि मुकाट्याने पिशवीत घातलं.

मास्तरांनी माझ्या पोटात चिंध्या कोंबल्या आणि मला दुकानात कामाला लावलं. कापडावर मापाचा कागद अंथरला की तो उडू नये म्हणून त्याच्यावर मला ठेवत. बरीच वर्षं मी ही नोकरी केली. माझा हिरवा रंग झिजून आतल्या गुलाबी हिरड्या दिसू लागल्या.

"हे काय हो, मास्तर?" गिऱ्हाईक विचारी.

"ड्रॅगनचं अंडं."

"बरं. माझ्या बाह्या कधी देताय?"

अशी माझी किंमत राहिली होती.

एके सकाळी एक माणूस पँट आखूड करायला आला. कानशिलांवर केस पिकू लागलेले, पोट जरा सुटलेलं. मास्तर खाली बसून त्याच्या पँटला टाचण्या लावत होते. तोंडात टाचण्या असल्यामुळे त्यांना बोलता येत नव्हतं. त्या माणसाची नजर माझ्यावर पडली आणि तो ताठ उभा राहिला. तो धाकटा होता, बदली होऊन नुकताच गावात परतलेला.

"अजून ठेवलंत हे?"

"हं," मास्तर म्हणाले. त्यांनी मान वर केली आणि ती तशीच वर राहिली.

"मास्तर, मी त्या दिवशी अंड्यावरून चिडलो नव्हतो हो." धाकटा माझ्याकडे बघूनच बोलत होता. "सगळे म्हणत होते, चांगली नोकरी आहे, जा. ताईसुद्धा. थांब असं एकानेही म्हटलं नाही. मला वाटलं, निदान गोष्टीत तरी कुणीतरी मला सोडवेल."

मास्तरांनी तोंडातल्या टाचण्या एकेक करून काढल्या. त्यांना बराच वेळ लागला.

"थांब म्हटलं असतं तर तुझा पाय निघाला नसता, म्हणून गप्प बसलो," ते म्हणाले. "तुझ्या खुर्चीवर ताई अजून कुणाला बसू देत नाही. मी बसायला गेलो तर मलाही उठवते. चल, आधी तिच्याकडे जाऊ."

"पँटला टाचण्या आहेत मास्तर."

"मग सावकाश चाल."

ताईच्या बोटांत आता पूर्वीचा जोर राहिला नव्हता. भावाला दारात पाहून तिने आधी त्याच्या टाचण्या लावलेल्या पँटकडे पाहिलं, मग मास्तरांच्या हातातल्या माझ्याकडे, आणि मग ती रडता रडता हसू लागली. दुपारी सिस्टरही आल्या. माझं बूड धाकट्याने बसवलं. ताई शेजारी बसून ओरडत होती, "आधी पाणी, मग प्लॅस्टर! अरे, भजी तळतोयस का?" काम काही सफाईदार झालं नाही. तेव्हापासून मी एका अंगाला कलतो.

प्लॅस्टर वाळल्यावर ताईने फासा बाहेर काढला. तिचा आवाज थंडगार झाला. "हिमराणी अजून उभी आहे. अंडं द्या आणि माणूस घेऊन जा. बोला."

मास्तरांनी माझ्या खवल्यांवरून एकदाच अंगठा फिरवला आणि दोन्ही हातांनी मला ताईच्या पुढ्यात ठेवलं. "घे. आमचा माणूस सोड."

 धाकट्याने नुसता चष्मा पुसला.

तर मित्रांनो, सध्या मी हिमराणीच्या कैदेत आहे, म्हणजे ताईच्या उशाशी. दर रविवारी तिघं मला सोडवायला येतात. परवा ते किल्ल्याच्या खंदकापर्यंत पोचले, पण मास्तरांचा फासा फसला आणि तिघंही पाण्यात पडले. मला घाई नाही. तुमच्या घरात एखादी वस्तू अशी असेल की जिच्याभोवती माणसं जमली, हसली, भांडली, तर ती जपा. फुटली तर वेडीवाकडी का होईना, जोडा. आणि तुमचं कुणी लांब निघालं, तर त्याला जाऊ द्या, पण त्याआधी एकदा त्याचा हात धरून 'थांब ना' म्हणा. ते ऐकल्यामुळे कुणाचं जाणं अडत नाही, मित्रांनो. पण परत येताना वाट सोपी होते.