चार तासांची भिंत

डायलिसिसच्या खोलीतलं अर्विलाचं चित्र आज उतरवणार होते. ऑरेगनमध्ये लोकांची घरं रंगवण्यात तिची चाळीस वर्षं गेली होती. इथे डायलिसिसला चार तास कोरी भिंत बघून भाऊ ऑरिन म्हणाला होता, "मरण परवडलं. मी नाही येत यापुढे." त्यावर तिने गोठ्यात कापड अंथरलं आणि काठीवरून रंग ओघळवत हे चित्र केलं. फांदीला फांदी, तिला आणखी बारीक फांदी. जवळून बघा की लांबून, रूप तेच.

विद्यापीठातल्या शहाण्यांना तेवढं पुरेना. त्यांनी चित्रावर चौकटी टाकून दाटी मोजली.

"एक पॉइंट आठ," केंडल म्हणाला. तो त्यांच्यातलाच, चित्रांना गुण देणारा मास्तर. "लोकांचं मन निवतं ते दीडच्या आत. विद्यार्थ्यांना दाखवलं, तळव्यांचा घाम मोजला. तुमचं चित्र त्रास देतं, बाई."

"पोरांनी बघितलं किती वेळ?"

"दहा सेकंद."

सुया टोचलेला हात न हलवता ऑरिन हसला. "दहा सेकंदांत तर मी या खुर्चीत टेकतही नाही रे!"

केंडलने तरीही ते उतरवून स्वतःचं विरळ चित्र टांगलं. ऑरिनने ते बघितलं, घड्याळ बघितलं.

"झालं बघून. आता पावणेचार तास काय करू? तुझ्या तोंडाकडे बघू?"

दोघंतिघं हसले. खिडकीजवळची डेल्फिन मात्र हसली नाही.

"मला हेच बरं वाटतं," ती म्हणाली. "त्या दाट चित्राने मला गरगरतं. आठवडाभर इथे डोळे मिटून पडले मी."

अर्विलाला हे झोंबलं. हिला कुणी विचारलंच नव्हतं. केंडलने नाही आणि आपणही नाही. आकड्याला शिव्या घालताना आपणही भावापुरतंच मोजलं होतं.

तिने विरळ चित्र उचलून डेल्फिनसमोरच्या भिंतीवर लावलं. मग स्वतःचं पुन्हा ऑरिनसमोर टांगलं.

"अहो, दवाखान्याच्या समितीने एकच चित्र ठरवलंय," केंडल कुरकुरला.

"मग समितीला आण इथे. चार तास बसव. उठायचं नाही, खाजवायचं नाही. मग ठरव म्हणावं."

केंडलने वही उघडली, पेन काढलं आणि पहिल्यांदाच डेल्फिनला विचारलं, "गरगरायला लागतं ते साधारण कधी?"

अर्विला भावाकडे वळली. "शुक्रवारी येशील ना?"

ऑरिनची नजर भिंतीवरून हलली नाही. "डावीकडचं अजून बघायचंय. बाजूला हो, आडवी येतेस."