तांब्याचा पोळा

माझं डोकं तापट आहे, हे आधीच सांगतो. आणि कानात टॅग मारून जनावराचं पोट कळतं, यावर माझा काडीचा विश्वास नव्हता.

कतारात, शहानियाच्या पुढं आमचं फार्म आहे, मांसासाठी बैल पोसायचं. मी, मच्छिंद्र, खाद्याची गाडी चालवतो. गावी बायकोला, बबीताला मात्र दुधाची डेअरी आहे असं सांगितलंय. बैलानं गव्हाणीत तोंड घातलं की तिथली पट्टी त्याच्या कानातला टॅग वाचते आणि ऑफिसात गार्गीताईंच्या स्क्रीनवर मिनिटं चढतात. "ताई, अख्खा जन्म बैलांत गेला माझा. तुमचा डबा मला काय शिकवणार?" असं मी रोज चिडवायचो. ताई नाशिकच्या. नुसत्या हसायच्या.

तीनशे अठरा नंबरला मी तांब्या म्हणायचो. गाडीचा आवाज आला की मान वर करायचा, लबाड. त्याचा नंबर कत्तलखान्याला जाणाऱ्या गुरुवारच्या ट्रकच्या यादीत लागला आणि सोमवारी पोळा आला. पोळ्याला बैलाला घास न भरवता जेवणारा माणूस आमच्या गावात तरी नाही. दोह्यातल्या मेसमधून पंचवीस पुरणपोळ्या मागवल्या, बादलीभर बाजरी शिजवली, त्यात गूळ घातला. त्याचा शेवटचाच पोळा, म्हणून हात आखडला नाही. त्याच्या पाया पडलो.

मंगळवारी सकाळी सहालाच ताईंचा फोन. "मच्छिंद्रदादा, तीनशे अठरा बघा जरा. रोज दोन तास खातो, कालपासून फक्त चार मिनिटं."

"काही झालं नाही त्याला! डबाच बिघडलाय तुमचा," मी खेकसलो. तरी गेलो. तांब्या कोपऱ्यात उभा होता. डावी कूस टम्म फुगलेली, दात करकर वाजवत होता. मला कालची बादली आठवली.

रमीज डॉक्टर सुई भरूनच आले. "न्यूमोनिया होगा," म्हणाले. आमच्याकडं नियम आहे, या इंजेक्शननंतर अठ्ठावीस दिवस जनावर कापायला पाठवायचं नाही. म्हणजे ट्रक चुकणार. मी फक्त तोंड बंद ठेवायचं, तांब्याला महिना मिळत होता!

तेवढ्यात तो कण्हला. बैल कण्हतो ते ऐकवत नाही हो.

"डॉक्टरसाब, सुई मत मारो. मैंने खिलाया," मी म्हणालो, आणि पोळ्या, बाजरी, गूळ, सगळं सांगून टाकलं. डॉक्टरांनी मला शिव्या घातल्या, सुई ठेवली आणि नळीनं सोड्याचं पाणी पाजलं. "नहीं बोलता तो दोपहर तक मर जाता," म्हणाले. दिवसभर मी त्याची कूस चोळत बसलो.

बुधवारी ताईंनी स्क्रीन दाखवली. "एक तास पन्नास मिनिटं. बरा झाला, दादा." मग हळूच म्हणाल्या, "सिस्टिमनं त्याला परत यादीत घेतलंय." मला राग यायला हवा होता, पण कुणावर काढू?

गुरुवारी ट्रकच्या फळीपाशी तांब्या अडला. चार माणसांना हलेना. शेवटी मॅनेजरनं मलाच हाक मारली. मी मुठीत खाद्य घेऊन पुढं झालो, तसा माझ्या मागं मुकाट वर चढला. मूठ चाटून पुसून साफ केली त्यानं.

दुपारी बबीताचा फोन आला. डेअरीत तांब्या नावाचा एक बैल आहे, एवढंच तिला माहीत.

"पोळ्याला जेवला का हो तुमचा तांब्या?"

"जेवला," मी म्हणालो. "आजपण माझ्याच हातानं जेवला."