चार पावलांची विश्रांती

मित्रांनो, मी एक जुना पलटणीचा ढोल आहे आणि सध्या फार संतापलेला आहे. ढोलाला कसला राग, असे म्हणू नका. ज्याने जन्मभर मार खाल्ला त्याला राग यायचा नाही, तर काय तुमच्या गादीला येईल?

माझा जन्म विलायतेचा. बोटीतून येताना भर समुद्रात वादळ उठले, तेव्हा खलाशांनी मला एकच टोला दिला आणि ते वादळ घाबरून अरबस्तानाकडे पळाले. खोटे वाटत असेल तर अरबस्तानात जाऊन विचारा. पुढे पलटण मोडली, माझे विलायती कातडे विरले आणि ठाण्याच्या बोकडाचे चढले. तेव्हापासून मी पुरता ठाणेकर झालो. मी घुमलो की खाडीपलीकडे कळव्याच्या म्हशी रवंथ थांबवून माझ्याकडे बघत.

मला ठाण्यात आणले अंतोन मास्तरांनी. ते पलटणीत कर्णा वाजवीत. पेन्शनीत आल्यावर त्यांनी गावातली माणसे जमवून बँड काढला आणि मला मारुतीच्या गळ्यात अडकवले. मारुती मिठागरात राबणारा, अंगाने असा आडवा की त्याच्या पोटावर मी डबीसारखा दिसे. हात मात्र मऊ. त्याने मला कधी उगाच दुखवले नाही.

मास्तरांचा हट्ट एकच, की कानाने नको, कागद वाचून वाजवा. आणि कागदावरच्या खुणांची नावे सगळी इंग्रजी! मास्तर दाराच्या फळीवर खडूने काढून दाखवीत. पोकळ अंडे म्हणजे सेमीब्रीव्ह. त्याला काठी लावली की मिनिम, अंडे काळे केले की क्रोचेट, काठीला शेपटी फुटली की क्वेव्हर. क्रोचेटला एक मात्रा, मिनिमला दोन, सेमीब्रीव्हला चार. क्वेव्हर बिचारी अर्ध्यावर. शिवाय प्रत्येकीला एक मुकी बहीण, तिचे नाव रेस्ट. रेघेखाली वटवाघळासारखी लटकते ती सेमीब्रीव्हची, रेघेवर टोपीसारखी बसते ती मिनिमची. थोरली जितका वेळ वाजते, तितकाच वेळ धाकटीने गप्प राहायचे. ना कमी, ना जास्त.

मारुतीला इंग्रजी म्हणून एक अक्षर येत नव्हते. तो मीठ ओढता ओढता “मिनिम, क्रोचेट, क्वेव्हर” असे घोकत राही. मुकादम एकदा म्हणाला, “मारुती, कुठल्या गावच्या देवी रं ह्या? पावतात का?”

“अजून नाय पावल्या,” मारुती म्हणाला.

आणि खरेच पावेनात. वाजवायच्या खुणा त्याने पक्क्या केल्या. अडला तो मुक्या बहिणींपाशी. त्याचे कारण ऐका. आमच्याकडे वरात मयताच्या घरावरून जाऊ लागली की वाद्ये थांबवतात. घर मागे पडले की कुणी वडीलधारा हात वर करतो, “हां, वाजवा,” म्हणतो, मग पुन्हा सुरू. मारुतीच्या हाडात हेच भिनलेले. रेस्ट आली की तो काठी खाली घेई, चेहरा पाडी आणि वडीलधाऱ्याची वाट बघत उभा राही. तोवर कर्णे आणि पावे दोन घरे पुढे गेलेले!

“अरे मारुती, कोण मेलंय?” मास्तर ओरडत.

“तुमी हात वर नाय केला, मास्तर.”

झांजवाला पोपट खो खो हसे. “ढोलच आळशी हाय, मास्तर. माझ्याकडं द्या, एक जागा रिकामी सोडनार नाय!”

मी आळशी! ऐकलेत? चूक कुणाची आणि नाव कुणाचे! पण मास्तरांनी निकाल दिला, “कळव्याला दौलत पाटलांच्या मुलीचं लग्न आहे. त्या दिवशी चुकलास तर ढोल पोपटच्या गळ्यात.” माझे कातडे थरथरले. पोपट मला बडवून माझा भुगा केल्याशिवाय राहिला नसता. आणि मारुती त्या रात्री जेवलाच नाही.

त्याची बायको गंगुबाई ताट उचलता उचलता म्हणाली, “अवो, मयताच्या दारावरनं जाताना वाजवनं थांबतं, पन पाय थांबतात का तुमचे?”

“पाय कशाला थांबतील? चालतच असतात.”

“मग चाला की! हाताला गप बसवा, पायाला नको. चार पावलं झाली का मारा टोला. त्याला वडीलधारा कशाला लागतो?”

मारुती ताडकन उठला आणि मला घेऊन अंगणात फेऱ्या घालू लागला. क्रोचेट एक पाऊल, मिनिम दोन, सेमीब्रीव्ह चार. हात गप्प, पाय चालू. त्या दिवशी मला कळले, की गप्प बसणे म्हणजे झोपणे नव्हे.

लग्नाच्या दिवशी आम्ही होडीतून कळव्याला उतरलो. नवरदेव मांडवाकडे निघाला आणि बँड सुरू झाला. अहाहा! मारुती पावलागणिक अचूक. मग आली ती चार पावलांची रेस्ट. मारुतीचा हात खाली, पाय पुढे. एक पाऊल पडले, दुसरे पडले, आणि नवरीचा मामा काळुराम गर्दीतून धावत आला.

“शुभकार्यात ढोल बंद? आमच्या दारात सुतक लावता काय रं?”

त्याने मारुतीच्या हातातली काठी हिसकावली आणि सगळे बळ लावून माझ्यावर घातली. मी टरकन फाटलो.

मारुतीचे डोळे भरून आले, पण पाय थांबले नाहीत. तिसरे पाऊल, चौथे पाऊल. आणि जिथे माझा टोला यायचा, तिथे त्याने टाच अशी आपटली की कर्णे तिच्यावर बरोबर येऊन पडले. मांडवापर्यंत बँड त्याच्या टाचेवर चालला. मास्तर सगळ्यांदेखत म्हणाले, “मारुती, ढोल तुझाच.”

पण कुठला ढोल? नवा! मुंबईहून आणलेला, चकचकीत. मी पडवीत गेलो. हल्ली माझ्या पोटात गंगुबाईची कोंबडी अंडी उबवते. मला तिचा राग नाही. राग काळुरामाचा आहे. तो अजून सांगत फिरतो, की ढोल कुजका होता, आपोआप फुटला.

मित्रांनो, वाद्ये जपा, कोरडी ठेवा, हे तर मी सांगेनच. त्यांच्या गप्प राहण्यालाही जपा. मला कोपऱ्यात टाका, माझ्यात कोंबड्या बसवा, मी हूं की चूं करणार नाही. पण ‘आपोआप फुटला’ एवढे मात्र म्हणू नका. मला मारले होते, मित्रांनो. आणि तेही मी माझे काम करीत गप्प असताना.