पंधरा दिवस ओझं नाही

कियोकोने स्योम्बुआच्या गाढवीच्या पाठीवरचं पोतं उचललं आणि नाकाला बाही लावली. दोरी काचून काचून तळहाताएवढं मांस उघडं पडलं होतं. गावोगाव फिरून गाढवांना औषधपाणी करणारा हा मवाळ माणूस, पण आज त्याचा आवाज चढला.

"पंधरा दिवस हिच्यावर एक कॅनसुद्धा लादायचा नाही."

"मग पाणी कोण आणणार? तू?" स्योम्बुआ म्हणाली.

जखम धुऊन, मलम लावून तो निघून गेला.

नदी दीड तासावर, तीही कोरडी. वाळूत कमरेइतका झिरा खणायचा आणि वाटीवाटीने पाणी भरायचं. घरात पांगळी सासू, दोन पोरी, सहा शेळ्या. नवरा मोम्बासाच्या बंदरावर. रोज चार कॅन लागायचे.

दोन दिवस तिने घरातल्या उरल्यासुरल्या पाण्यावर कशीबशी कळ काढली. तिसऱ्या दिवशी सासू म्हणाली, "सूनबाई, जनावरापायी माणसं तहानेने मारणार का?"

स्योम्बुआने पोतं दुमडून जखमेवर ठेवलं आणि चार कॅन लादले. परतताना चढावर गाढवी बसली ती उठेना. तिने काठी घातली. एक, दोन, तीन. गाढवी ओरडली नाही, नुसते डोळे मिटून घेतले. स्योम्बुआचा हात थांबला. नवरा घरी असला की तीही अशीच डोळे मिटून घ्यायची.

तिने ओझं सोडलं. तीन कॅन झुडपाआड ठेवले, चौथा पाठीवर घेतला, त्याचा पट्टा कपाळाला अडकवला आणि वाकून चालू लागली. गाढवी उठून पुढे झाली.

मागून शेजारीण कलुंडे आपलं गाढव घेऊन आली. "अगं बाई! गाढवी मोकळी आणि तू लादलेली?"

"हस, हस. तुझ्या गाढवावर माझंही पाणी आण. तुझा झिरा मी खणते."

कलुंडेची कंबर खणताना भरून यायची. "किती दिवस?"

"आजपासून पुन्हा पंधरा."

रोज दोन झिरे खणून स्योम्बुआचे हात फुटले. गाढवीच्या पाठीवर मात्र गुलाबी कातडी धरली. सोळाव्या दिवशी नदीवर कलुंडेने आपल्या गाढवावरचं पोतं उचललं. दुप्पट फेऱ्यांनी त्याची पाठ सोलवटली होती.

"आता गं?"

स्योम्बुआने आपल्या गाढवीच्या पाठीवरून हात फिरवला. "त्याला सोड," ती म्हणाली. "दोन्ही घरचं पाणी हिच्यावर. पण एका वेळी दोनच कॅन."

"मग दिवसभर नदीवरच मरायचं?"

"मरायचं."

तिने पोत्यात गवत भरून जाड गादी केली होती. ती गाढवीच्या पाठीवर टाकून तिने दोन कॅन बांधले, तिसरा स्वतःच्या पाठीवर घेतला. बाकीचे भरलेले कॅन वाळूतच राहिले. त्यांच्यासाठी परत यायचं होतं.