रत्नाकरमधलं लांब टेबल

प्रल्हादभाऊ नेहेते पहिल्यांदा "छान आहे हं भाजी" म्हणाले, तेव्हा टेबल एक हात लांब झालं.

झालं म्हणजे झालं. मधोमध खट् असा आवाज आला, वाट्यांतली डाळ हिंदकळली आणि समोरची माणसं खुर्च्यांसकट हातभर मागे गेली. टेबलावरच्या कापडावर निळे मासे छापलेले होते. ते आधी बावीस होते, आता सव्वीस झाले. सोयरिकीची बोलणी करायला आलेल्या माणसांनी पहिल्याच जेवणात "तुमचं टेबल वाढलं बरं का" असं कोणत्या तोंडानं म्हणायचं? प्रल्हादभाऊंनी आपली वाटी जवळ ओढली आणि दुसरी पुरी घेतली. तिच्यावर पत्ता लिहून पोस्टाच्या पेटीत टाकली असती, तर ती न मोडता पोचली असती.

प्रल्हादभाऊ म्हणजे सावद्याचे भरीतवाले. चाळीस वर्षं त्यांनी लग्नाच्या पंगतींना भरीत-पुरी घातली. माणूस सोन्यासारखा, पण जीभ भलती खरी. अळणीला अळणी म्हटल्याशिवाय तिला चैनच पडायची नाही. त्याच जिभेपायी लेकीची, हेमांगीची, दोन स्थळं हातची गेली होती. एका घरी कांदेपोह्यांची बशी हातात घेऊन ते म्हणाले, "शेंगदाणे खवट आहेत." दुसऱ्या घरी मुलाच्या आजीनं केलेला शिरा खाऊन म्हणाले, "रवा कच्चा राहिला." दोन्ही वेळा हेमांगी घरी येऊन एवढंच म्हणाली, "असू द्या पप्पा." ते "असू द्या" त्यांच्या काळजात काट्यासारखं रुतून बसलं होतं.

म्हणून निघताना सिंधूबाईंनी, म्हणजे त्यांच्या बायकोनं, एस.टी.तच दम भरला होता. "अहो, हे तिसरं स्थळ आहे. काहीही वाढोत, छान म्हणायचं. तुम्हाला माझी शपथ."

स्थळ नारखेड्यांचं. मुलगा लोकेश, पंप बनवणाऱ्या कंपनीत इंजिनिअर, बोलायला कमी. वडील नव्हते. आई विजयाताई, शाळेत मुख्याध्यापिका. आणि मामा पंढरीनाथ भारंबे, ज्यांनी सगळ्यांना तीन दिवस बोलावून घेतलं ते सागरमाया फॅमिली रिसॉर्टमध्ये. समुद्र तिथून साडेतीनशे किलोमीटर लांब, पण फाटकात देवमासा, आत लाटांचा तलाव, घसरगुंड्या, आगगाडी, सगळं काही होतं. तिथलं 'रत्नाकर' हे जेवणाचं हॉटेल मामा चालवायचे. ते डोक्यावर कप्तानाची पांढरी टोपी घालून फिरायचे आणि प्रत्येक टेबलापाशी थांबून विचारायचे, "कसं आहे? मोकळेपणानं सांगा बरं!"

कोणी मोकळेपणानं सांगावं, असं त्या चेहऱ्याकडे पाहून वाटायचंच नाही. इतका तो आनंदी होता.

विजयाताईंनी पहिल्याच दिवशी हेमांगीला आपल्या बाजूला, लोकेशशेजारी बसवून घेतलं. "बोलतील जरा एकमेकांशी," त्या म्हणाल्या. सगळ्यांनाच ते बरं वाटलं. टेबल तेव्हा सहा माणसांचं होतं.

संध्याकाळपर्यंत प्रल्हादभाऊंना हिशेब कळला. खोट्या 'छान'ला एक हात, खोट्या 'अप्रतिम'ला तीन. सिंधूबाईंनी पनीरच्या भाजीवर "कृती द्या हं आम्हाला" म्हटलं, तेव्हा मागची भिंत अदबीनं बाजूला झाली आणि टेबलाचं दुसरं टोक बाहेर हिरवळीवर गेलं. पनीर खोडरबरासारखं होतं. मेन्यूत भाज्या सात आणि रस्सा एकच, तो केशरी. फक्त ताटात पडताना त्याचं नाव बदलायचं.

"अहो, जरा कमी बोला," प्रल्हादभाऊ पुटपुटले.

"तुम्ही आधी बोला, मग मी कमी बोलते," सिंधूबाई म्हणाल्या आणि टेबलाखाली त्यांच्या पायावर पाय दिला. मामा समोरच उभे होते.

"छान आहे," प्रल्हादभाऊ म्हणाले. खट्.

शनिवारी सकाळी उपमा होता. उपम्याच्या आग्रहापायी टेबल लाटांच्या तलावावरून पलीकडे गेलं. पोहणारी माणसं डोकं खाली घालून त्याच्याखालून जायची आणि वर येऊन "सॉरी काका" म्हणायची. वेटरांनी डोक्यावर डॉल्फिनच्या टोप्या घातलेल्या होत्या. ते आधी चालत वाढायचे, मग सायकलवर, आणि दुपारपासून मामांनी मुलांची आगगाडीच टेबलाच्या कडेनं लावून दिली. डाळ तिसऱ्या डब्यात यायची. पोचेपर्यंत तिच्यावर साय धरलेली असायची, पण गाडी वेळेवर होती, हे मात्र मान्य करायला हवं.

हेमांगीनं पिवळा ड्रेस घातला होता. इकडून ती आता हरभऱ्याच्या डाळीएवढी दिसत होती.

नाश्ता झाल्यावर ती उठली आणि वडिलांना भेटायला टेबलाच्या कडेनं चालत निघाली. प्रल्हादभाऊंना ते पिवळं हळूहळू मोठं होताना दिसलं आणि जिवात जीव आला. ती तलावापर्यंत पोचली. तिची वेणी दिसायला लागली. तेवढ्यात मामा आले.

"भाऊ, उपमा कसा होता?"

प्रल्हादभाऊंनी लेकीकडे पाहिलं. मग मामांकडे. सिंधूबाईंचा पाय तयारच होता.

"छानच होता."

खट्. मग मामांना इतका हर्ष झाला की त्यांनी तेच पुन्हा दोनदा विचारलं. हेमांगी चालतच होती, पण तिची वाटच तिच्या पायांखाली वाढत होती. शेवटी ती थांबली, हात हलवला आणि परत फिरली, कारण जेवणाची वेळ होत आली होती. प्रल्हादभाऊंना भडभडून आलं. त्यांनी गुपचूप चष्मा पुसला.

मग त्यांनी फोन लावला.

"हेमा, बेटा, बरी आहेस ना?"

"छान आहे पप्पा सगळं," हेमांगी म्हणाली.

टेबल खट्कन हातभर सरकलं.

प्रल्हादभाऊंनी फोन कानाशी घट्ट दाबला. सगळं म्हणजे काय? जेवण? की मुलगा? "हेमा," त्यांनी घाईघाईनं विचारलं, "मुलगा कसा वाटतो तुला?" पण तोवर तिचं टोक टॉवरच्या रेंजबाहेर गेलं होतं आणि फोनमध्ये नुसती खरखर होती.

दुपारी त्यांनी एक युक्ती केली. मामा येताना दिसले की तोंडात अख्खी पुरी कोंबायची आणि नुसती मान डोलवायची. नुसत्या मानेनं टेबल वाढत नव्हतं. सिंधूबाईंनाही त्यांनी पापड भरवून ठेवला. तरी टेबल तीन हात गेलं. थोड्या वेळानं आणखी एक हात.

"आपण तर गप्प आहोत," सिंधूबाई पापडामागून म्हणाल्या.

"म्हणजे तिकडून कोणीतरी अप्रतिम म्हटलं," प्रल्हादभाऊ हळूच म्हणाले, आणि दोन दिवसांत पहिल्यांदा त्यांच्या चेहऱ्यावर हसू आलं. "सिंधू, त्यांनाही नाही आवडलेलं!"

"मग ते का नाही सांगत?"

"तू का नाही सांगत?"

सिंधूबाईंनी पापड चावून गिळला.

रविवारी दुपारी शेवटचं जेवण होतं. रात्री जो तो आपापल्या टोकालाच झोपला होता; हेमांगीची बॅग इकडेच राहिली, म्हणून तिच्या अंगावर अजून तोच पिवळा ड्रेस होता. टेबल आता रिसॉर्टच्या कुंपणापाशी गेलं होतं. आगगाडीचा वेटर डबा रिकामा करून अदबीनं म्हणाला, "साहेब, पुढे हायवे आहे. तो ओलांडला की त्या बाजूला आपली सर्व्हिस नाही. मग ते लोक तिकडचेच."

"तिकडचेच म्हणजे?"

"म्हणजे तिकडचेच, साहेब."

प्रल्हादभाऊंनी टेबलावरून नजर लांबवर टाकली. पिवळा ठिपका होता का, की कापडावरचाच एखादा डाग होता, ते नीट कळेना.

तेवढ्यात मामा स्वतःच्या हातांनी झाकलेली वाटी घेऊन आले. "भाऊ, आज खास तुमच्यासाठी! आमच्या कुकनं काल दिवसभर खपून केलंय." त्यांनी झाकण काढलं. "वांग्याचं भरीत!"

ते केशरी होतं.

प्रल्हादभाऊंनी चमच्याचं टोक बुडवून जिभेला लावलं. धूर नाही, मिरची नाही, लसणाची ओळखपाळख नाही, आणि वर सायीचं नक्षीकाम. कपाशीच्या काड्यांवर भाजलेल्या वांग्याचा वास चाळीस वर्षं त्यांच्या अंगाच्या सदऱ्यात बसलेला होता. तो सदरासुद्धा ह्या भरितापेक्षा जास्त भरीत होता.

"कसं आहे? मोकळेपणानं सांगा बरं!"

सिंधूबाईंनी त्यांच्या पायावर पाय ठेवला. पण दाबला नाही. त्यासुद्धा तिकडे, लांब, डोळे बारीक करून पाहत होत्या. "अहो," त्या म्हणाल्या, "पोरगी दिसत नाही हो."

एक शब्द, की लेक हायवेच्या पलीकडे. दुसरा शब्द, की तिसरं स्थळ मोडलं आणि घरी पुन्हा ते "असू द्या पप्पा". प्रल्हादभाऊंनी डोळे मिटले.

"मामा," ते म्हणाले, "वांगी उकडलीत तुम्ही."

टेबलानं असा हिसका दिला की सिंधूबाईंचा चष्मा पाण्याच्या पेल्यात पडला. शंभरेक हात एका दमात आत आले. मामा तोंड उघडं ठेवून उभेच राहिले. आणि एकदा ती खरी जीभ सुटली, ती सुटली.

"वांगं भाजायचं असतं हो, मामा! पुरी चामडं झालीय! पनीरला कसलीच चव नाही! डाळीत मीठ नाही, रश्श्यात जीव नाही, आणि उपम्यात खडा होता, तो मी खिशात ठेवलाय!"

त्यांनी खडा टेबलावर ठेवला. टेबल सरसर येत होतं. हिरवळीवरून, घसरगुंडीखालून, तलावावरून पाणी उडवत आलं. कापडावरचे मासे भराभर कमी होत होते. वाटेत एक रबरी बदक, कोणाची तरी चप्पल आणि पोहायचा टायर वर अडकून आला. पण तलावापाशी टेबल थांबलं. प्रल्हादभाऊंकडचं खरं संपलं होतं.

मग पलीकडून एक खणखणीत आवाज आला. प्रार्थनेला शाळा उभी करणारा.

"पंढरी! चार वर्षं झाली, चार! तुझ्या गुलाबजामात मधे गोळी राहते. मी ती पर्समध्ये घालून घरी नेते!"

खटखटखटखट! विजयाताई आल्या. मागोमाग लोकेश, आणि त्याच्या शेजारी केस विसकटलेली, पिवळ्या ड्रेसमधली, चांगली माणसाएवढी हेमांगी. प्रल्हादभाऊंना तिला डोळे भरून पाहावंसं वाटलं, आणि त्यांनी पाहिलं.

मामांचा चेहरा उतरला होता. त्यांनी कप्तानाची टोपी काढली. आता हा माणूस उठून जाणार, सोयरीक मोडणार, असं सगळ्यांनाच वाटलं. पण मामा खुर्ची ओढून बसले.

"मला तरी कुठे आवडतं?" ते हळूच म्हणाले. "मी घरून डबा आणतो."

टेबल आणखी दोन हात आवळलं. मामांनी गल्ल्याखालून चार पुडांचा पितळी डबा काढला. ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी, ठेचा, मेथीची भाजी, आणि एका पुडात तेलाचा तवंग आलेलं, हिरवंगार, काड्यांवर भाजलेलं भरीत. "बायको करते," मामा ओशाळून म्हणाले. "इथे आणायला बंदी आहे. पाटी मीच लावलीय."

सगळे इतके हसले की डॉल्फिनवाले वेटरसुद्धा गाडीतून उतरून पाहायला आले. भाकरीचे तुकडे झाले, भरीत वाट्यांत गेलं. लोकेशला वाटी उरली नाही, तो हेमांगीच्या वाटीतून घेऊ लागला. प्रल्हादभाऊंनी एक घास खाल्ला, आणि सगळे त्यांच्या तोंडाकडे बघत राहिले.

"मीठ तसूभर जास्त आहे," ते म्हणाले. "पण छान आहे."

टेबल हललं नाही.

ते आता एवढंसं झालं होतं की सहा माणसांचे गुडघे एकमेकांना लागत होते. दूर जायला कोणाला जागाच नव्हती. प्रल्हादभाऊंनी हात पुसले आणि समोर पाहिलं. कालपासून अडकून राहिलेला प्रश्न तिथेच होता.

"हेमा," ते म्हणाले, "मुलगा कसा वाटतो तुला?"

भाकरी मोडायचा आवाज थांबला. विजयाताईंनी पदर सावरला. लोकेशचा घास हातातच राहिला आणि त्याचे कान लाल झाले. हेमांगीनं वडिलांकडे पाहिलं, मग लोकेशकडे, मग खाली टेबलाकडे. त्यावर आता एकच मासा उरला होता.

"खरं सांगू?" ती म्हणाली.

सगळ्यांनी आपापली वाटी घट्ट धरली. लोकेशकडे वाटी नव्हती. त्यानं दोन्ही हातांनी टेबल धरलं.