परीक्षकाची कंबर

माझा नवरा हाबो एइलर्स एकतीस वर्षं गाडी चालवण्याच्या परवान्याची परीक्षा घेत होता. म्हणजे दुसऱ्याच्या गाडीत मागे अंग चोरून बसायचं आणि पुढच्या घाबरलेल्या पोरापोरींना नापास करायचं. अख्ख्या लेअर गावात त्याच्याकडे पहिल्या फेरीत पास झालेली माणसं बोटांवर मोजण्याइतकी. त्याचा त्याला केवढा अभिमान!

निवृत्त झाला त्याच वर्षी कमरेतली चकती सरकून नसेवर बसली. डाव्या कुल्ह्यापासून पायाच्या अंगठ्यापर्यंत वीज चमकायची. दोन वर्षं आम्ही सगळं केलं. गोळ्या, व्यायाम, दलदलीतल्या गरम चिखलाचे लेप. दीर मेनो ज्या गोष्टीतलं काही कळत नाही तिच्यावरच सल्ले देतो. त्यानं मेंढीचं कातडं आणून दिलं. घरभर मेंढीचा वास सुटला, कळ होती तिथेच. मग नसेजवळ सुई टोचली. तीन आठवडे आराम पडला, आणि त्या तीन आठवड्यांत हा इतका गुणगुणायचा की कळ परवडली असं मला वाटायला लागलं.

मग पाय बधिर व्हायला लागला. माझ्या बहिणीकडे चहाला गेलो, तर बसवेना म्हणून तिसऱ्या कपाआधीच हा उठला. आमच्या फ्रीजलंड मुलखात तिसऱ्या कपाआधी उठणं म्हणजे यजमानाच्या तोंडावर दार आपटणं. बहीण आठवडाभर बोलली नाही. तेव्हा मात्र मी त्याला दवाखान्यात नेलं.

डॉक्टरीणबाईंचं नाव इन्सा तामेना. चाळिशीच्या, केस आखूड. त्यांनी कमरेचे फोटो बघितले, मग कागदावरचं नाव बघितलं.

"एइलर्स? परीक्षा घ्यायचे ते?"

"हो," हाबो फुलला. "ओळखता?"

"तीनदा नापास केलंत मला. तिसऱ्यांदा गाडी लावताना चाक कडेपासून लांब राहिलं म्हणून."

हाबोचा चेहरा मेंढीच्या कातड्यासारखा झाला. बाई मात्र शांतपणे समजावू लागल्या. पाठ उघडायची नाही. बाजूनं पेन्सिलीएवढी नळी आत सरकवायची, तिच्यातून कॅमेरा आणि चिमटा, निसटलेला तुकडा काढायचा. जागा तेवढी बधिर करायची, माणूस जागा. पायात कळ आली तर त्यानं लगेच सांगायचं.

बाहेर आल्यावर हाबो माझ्या कानात म्हणाला, "थेडा, दुसरा डॉक्टर बघू या."

"का?"

"तिला गाडी मागे घेताना अंदाज येत नाही."

"वीस वर्षं झाली हाबो! आणि तुझा मणका म्हणजे गाडीतळ नाही."

शेवटी ऑपरेशन त्यांच्याकडूनच झालं; आतलं मला तिथल्या नर्सनं सांगितलं, हसू दाबत. हाबो पालथा पडलेला, नळी आत चाललेली, आणि हा सूचना देतोय. "सावकाश. घाई नको."

"सावकाशच आहे, एइलर्स साहेब."

"परवाना मिळाला ना शेवटी?"

"चौथ्यांदा. परीक्षक दुसरे होते."

तेवढ्यात पायातून वीज गेली. हाबो ओरडला. बाईंचा हात तिथल्या तिथे थांबला. नळी केसभर मागे घेतली, तिरपी केली, पुन्हा पुढे. "आता?"

"आता नाही," हाबो म्हणाला. त्यानंतर सूचना बंद. आयुष्यात पहिल्यांदाच कुणाच्या तरी हातावर विश्वास टाकून तो गप्प पडून राहिला. थोड्या वेळानं चिमट्यात पांढुरका तुकडा आला, खेकड्याच्या मांसासारखा, आणि पायातला दोन वर्षांचा गोंगाट एकदम थांबला. हा रडायला लागला. नर्सला वाटलं दुखतंय.

संध्याकाळी तो व्हरांड्यात चालला. पाठीवर एवढीशी पट्टी. मेनो बघायला आला आणि हिरमुसला. "एवढंच? मी तर फुलं आणली!"

सहा आठवड्यांनी दाखवायला गेलो. बाईंनी पाय उचलून बघितला, अंगठ्यावर सुई फिरवली. अंगठा अजून थोडा बधिर होता. वेळ लागेल, कदाचित तेवढा राहीलही, असं त्या सरळ म्हणाल्या. कपडे चढवताना हाबो खाकरला.

"डॉक्टर, त्या दिवशी चाक बरोबर होतं."

त्या लिहायच्या थांबल्या.

"तुम्ही माझ्याशी वाद घातलात," हा खाली बघत म्हणाला. "म्हणून..."

"ठाऊक आहे. मी उतरून मोजलं होतं." पेन पुन्हा चालू लागलं. "महिनाभर जड उचलायचं नाही. रोज तासभर चालायचं. वारा असला तरी."

गाडीत बसल्यावर मी विचारलं, "अशी अजून किती आहेत?"

हाबोनं पट्टा लावला. "एक-दोन," म्हणाला. मग पुलाशी आल्यावर: "बारा-पंधरा असतील."

हल्ली तो रोज नदीकाठच्या बांधावर चालायला जातो. वाटेत त्यानं नापास केलेलं कुणी भेटलं की आधी मान खाली घालतो, मग थांबून बोलतो. परत यायला दोन तास लागतात.