भिंतीची परदेशी पद्धत

गिलावा अजून ओला होता. तळहात टेकवला की गार लागायचा. "महिनाभर वाळू द्या, भेगा दिसतील त्या भरून घेऊ, मग रंगाचं बघू," असं बायकोने नवऱ्याला दोनदा बजावलं. पण समोरच्या शेजाऱ्याने घर रंगवलं होतं आणि नवऱ्याच्या पोटात दुखत होतं. त्याने रंगाऱ्याच्या मागे लकडा लावून आठवड्यात घर गुलाबी करून घेतलं, तेही चकचकीत ऑइल पेंटने.

आतली ओल जाणार कुठे? थोड्याच दिवसांत भिंतभर टपोरे फुगे आले. नवरा मान खाली घालून घरात शिरू लागला.

एका सकाळी शेजारी फाटकातून आत आला आणि भिंत बघून थक्कच झाला. "वा! हे उठावाचं काम कुठून करून घेतलंत?"

"परदेशी पद्धत आहे," नवरा छाती काढून म्हणाला. "सगळ्यांना नाही परवडत."

शेजाऱ्याने कौतुकाने एक फुगा दाबला. रंग फाटला आणि गढूळ पाण्याची चिळकांडी त्याच्या इस्त्रीच्या शर्टावर उडाली.

"हे पाणी कसलं?"

"ते मुद्दाम आत ठेवतात. उन्हाळ्यात घर गार राहतं."

बायकोने कपाळावर हात मारून घेतला आणि शेजाऱ्याला टॉवेल आणून दिला. शर्ट पुसता पुसता त्याने हळूच तिलाच विचारलं, "वहिनी, आमच्याकडे हेच करायचं तर काय काय लागेल?"

"फार काही नाही," ती म्हणाली. "आधी बायकोचं ऐकणं बंद करा. पुढचं सगळं भिंतच बघून घेते."